लिटल लीगचा हंगाम: मराठी पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील आमच्या गावच्या लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) मी बरीच वर्षे धावसंख्या लिहिण्याचे आणि पिचरने (बेसबॉलमधल्या गोलंदाजाने) टाकलेले चेंडू मोजण्याचे काम करतो. क्रिकेटवर वाढलेल्या, पण ज्यांची मुले आता बेसबॉलचा ग्लव्ह उशाशी घेऊन झोपतात अशा आई-बाबांकडून दर जानेवारीत प्रश्न येऊ लागतात आणि जूनपर्यंत ते थांबत नाहीत. वारंवार आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. नियमपुस्तक दर वर्षी नव्याने निघते आणि काही बाबी प्रत्येक लीगच्या कार्यकारिणीवर सोडलेल्या असतात, त्यामुळे शंका आल्यास आपल्या लीगकडून चालू वर्षाचा नियम अवश्य पडताळून घ्यावा.

१. लिटल लीग म्हणजे शाळेचा संघ असतो का, की पैसे भरून घ्यायची शिकवणी?

दोन्ही नाही. ही गावातील पालकांनी आणि शेजाऱ्यांनी विनामोबदला चालवलेली लीग असते. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे तीन संघ घेऊन तिची सुरुवात केली आणि ६ जून १९३९ रोजी झालेल्या पहिल्या सामन्यात लंडी लंबर या संघाने लायकमिंग डेअरीला २३-८ असे हरवले. एक लाकडाचा व्यापारी, एक डेअरी आणि एक प्रेट्झेल बनवणारा अशा स्थानिक व्यावसायिकांनी त्या तीन संघांना आधार दिला होता. आज आपल्या मुलाच्या शर्टावर गावातल्या दंतवैद्याचे किंवा पिझ्झाच्या दुकानाचे नाव दिसते ते त्याच परंपरेतून आलेले आहे. संघाचा मॅनेजर, त्याचे सहायक कोच, मैदानावर चुन्याच्या रेघा आखणारी माणसे आणि बहुतेक ठिकाणी अंपायरसुद्धा स्वयंसेवकच असतात. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी दर वर्षी तपासली जाते, आणि तुम्ही मदतीला येणार असाल तर तुमचीही तपासली जाईल.

२. हंगाम नेमका कधी सुरू होतो आणि किती दिवस चालतो?

थंडीच्या राज्यांत साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नोंदणी होते, फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये चाचणी आणि संघवाटप होते, एप्रिलमध्ये सामने सुरू होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत नियमित हंगाम संपतो. कॅलिफोर्निया किंवा टेक्सससारख्या उबदार भागांत हे सगळे काही आठवडे आधी घडते. आठवड्यातून एक-दोन सामने आणि एखादा सराव असे वेळापत्रक सर्वसाधारणपणे असते. अनेक लीग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकण्यासाठी म्हणून एक छोटा हंगाम घेतात. खेळाची ओळखच नसलेल्या मुलाला मी आधी तो सुचवतो, कारण तेथे निकालाचे ओझे नसते.

३. माझे मूल कोणत्या गटात खेळेल?

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी टी-बॉल असतो, ज्यात चेंडू एका उभ्या दांड्यावर ठेवलेला असतो आणि मूल तो फटकावते. त्यानंतरच्या मायनर गटात सुरुवातीला कोच किंवा यंत्र चेंडू टाकते आणि पुढे मुलेच पिचिंग करू लागतात. मेजर गट ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी असतो. वयोगट एकमेकांवर चढलेले आहेत हे लक्षात घ्यावे: नऊ वर्षांचे मूल मायनरमध्येही असू शकते आणि मेजरमध्येही, आणि ते कोठे जाईल हे चाचणीवर ठरते (प्रश्न ६ पाहा). धीट पण नवख्या मुलाला वरच्या गटात पाठवण्याचा आग्रह पालकांनी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मायनरमध्ये जे मूल दहा वेळा चेंडू अडवते, तेच मूल मेजरमध्ये उभे राहून फक्त चेंडू जाताना पाहते.

४. मुलीचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी आहे. तिचे वय लीगने एका वर्षाने जास्त का धरले?

बेसबॉलमध्ये लीगचे वय म्हणजे त्या वर्षाच्या ३१ ऑगस्टला मुलाचे जे वय असेल ते. उदाहरणार्थ, २०२६ च्या हंगामात २८ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मलेल्या मुलीचे लीगचे वय १२ धरले जाते, जरी एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याला ती अकराच वर्षांची असली तरी. आणि ३ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे अवघ्या सहा दिवसांनी जन्मलेल्या तिच्या मैत्रिणीचे वय ११ धरले जाते. सॉफ्टबॉलसाठी हीच मोजणी वेगळ्या तारखेने होते, त्यामुळे एका घरातील दोन बहिणी दोन खेळ खेळत असतील तर गोंधळ होणे स्वाभाविक आहे. चेंडूंची मर्यादाही (प्रश्न ११) याच वयावर ठरते.

५. नोंदणीला कोणती कागदपत्रे लागतात? शुल्क परवडत नसेल तर काय करावे?

जन्माचा दाखला आणि आपण त्या लीगच्या हद्दीत राहतो याचा पुरावा लागतो. मूल हद्दीतील शाळेत शिकत असेल तर शाळेच्या नावनोंदणीचा पुरावाही चालतो. मुलाचा जन्म भारतात झाला असेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला शोधून काढायला आणि त्यावरील मराठी मजकुराचे भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून लीगच्या पदाधिकाऱ्यांना जानेवारीतच विचारून ठेवावे.

शुल्काबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लिटल लीगच्या नियमानुसार शुल्क भरणे ही खेळण्याची अट असू शकत नाही. ज्यांना शक्य नाही त्यांनी अध्यक्षांना खासगीत सांगावे. यात कमीपणा वाटून घेऊ नये. त्या संकोचापायी एखाद्या मुलाचा हंगाम जाऊ नये.

६. चाचणीत माझा मुलगा चेंडू सोडत गेला. त्याला संघ मिळणार नाही का?

मिळेल. ही चाचणी मुलांना वगळण्यासाठी नसून संघ समतोल व्हावेत म्हणून असते. मॅनेजर मंडळी मुलांचे धावणे, झेल, फेक आणि फटके पाहून टिपणे करतात आणि नंतर एकत्र बसून आळीपाळीने खेळाडू निवडतात, ज्याला ड्राफ्ट म्हणतात. मित्राच्या संघात ठेवण्याची विनंती मेजर गटात बहुधा मान्य होत नाही, कारण तसे केल्यास समतोल बिघडतो. सख्ख्या भावंडांना एकत्र ठेवण्याची सोय मात्र नियमात आहे आणि ती हवी असल्यास ड्राफ्टच्या आधी कळवावी लागते.

७. साहित्य काय घ्यावे? बॅटवर शंभरांवर डॉलर खर्च करणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. ग्लव्ह तेवढा मुलाचा स्वतःचा आणि हाताला बसणारा असावा; नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अकरा इंचांच्या आसपासचा पुरतो. मूल ज्या हाताने फेकते त्याच्या विरुद्ध हातात तो घालायचा असतो, म्हणून डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताचा ग्लव्ह लागतो. पहिल्या वर्षी अनेक पालक येथेच चुकतात. बॅट मात्र नियमात बसणारीच हवी: १ जानेवारी २०१८ पासून मेजर आणि त्याखालील गटांत यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते, लाकडाच्या अखंड बॅटला शिक्क्याची गरज नसते, आणि लांबी ३३ इंचांपेक्षा व व्यास २ ५/८ इंचांपेक्षा अधिक चालत नाही. जुन्या बाजारातून बॅट घेताना आधी शिक्का पाहावा. फलंदाजी करताना आणि धावताना हेल्मेट बंधनकारक आहे. ते बहुतेक संघांच्या पिशवीत असते. धातूचे खिळे असलेले बूट या वयात चालत नाहीत. क्रिकेटमध्ये आपण ज्याला गार्ड म्हणतो ते कॅचर (बॅटरमागे यष्टिरक्षकासारखा बसणारा) असलेल्या मुलाला सक्तीचे आहे, पण मी म्हणेन की प्रत्येक मुलाने ते घालावे.

८. आजी-आजोबा पुण्याहून आले आहेत. त्यांना सामना दोन मिनिटांत कसा समजावून सांगावा?

दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात; तीन गडी बाद झाले की पाळी बदलते, आणि अशा सहा इनिंग होतात. पिचरचा बॅटरच्या आवाक्यातल्या ठरलेल्या पट्ट्यात आलेला चेंडू सोडला किंवा हुकला की एक स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर बाद. पट्ट्याबाहेरचे चार चेंडू सोडले की तो चालत पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिल्या ठिकाणी) जातो. फटकावलेला चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेघांच्या आत गेला तर पळावेच लागते, रेघेबाहेर गेला तर तो फाउल. फाउललाही स्ट्राइक धरतात, पण दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल झाला म्हणून बॅटर बाद होत नाही (बंट, म्हणजे बॅट न फिरवता नुसता अडवलेला चेंडू याला अपवाद आहे). चारही बेस ओलांडून परत आलेल्या मुलाची एक धाव मोजली जाते.

आजोबांना बहुधा सर्वाधिक आश्चर्य वाटते ते याचे, की बाद झालेला नातू अर्ध्या तासात पुन्हा बॅट घेऊन उभा असतो. त्यांना जाळीमागे किंवा पहिल्या बेसच्या बाजूला मागे बसवावे आणि फाउल चेंडूकडे लक्ष ठेवायला आवर्जून सांगावे.

९. मुलगा क्रिकेट चांगले खेळतो. त्याचा उपयोग होईल की अडचण?

दोन्ही होते, आणि कोठे काय होते हे आधी कळले तर मुलाचे पहिले दोन आठवडे सुखाचे जातात. उपयोग होतो तो नजरेचा आणि झेलाचा. उघड्या हातांनी सीझन बॉल पकडलेल्या मुलाला उंच उडालेल्या चेंडूची भीती वाटत नाही आणि चेंडू हातात आल्यावर तो कोठे फेकायचा याचा विचार त्याने आधीच केलेला असतो.

अडचणी सवयींच्या असतात. पहिली म्हणजे तो बॅट हातात घेऊनच पळतो, कारण क्रिकेटमध्ये ती क्रीजमध्ये टेकवायची असते; येथे बॅट खाली ठेवून पळायचे असते, फेकायचीही नसते. दुसरी, बचावात्मक फटका खेळून जागेवर उभे राहण्याची. चेंडू रेघेच्या आत पडला की पळणे भागच आहे, हे शरीरात भिनायला वेळ लागतो. तिसरी सवय धोक्याची आहे: धावचीत होऊ नये म्हणून क्रिकेटपटू बॅट पुढे करून झेपावतो, पण मेजर आणि त्याखालील गटांत पुढच्या बेसकडे डोके पुढे करून घसरत जाणारा धावपटू बाद दिला जातो. पाय पुढे करून घसरणे ओल्या गवतावर शिकवावे. चौथी, नॉन-स्ट्रायकरप्रमाणे आधीच पुढे सरकण्याची. या गटांत चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत बेस सोडता येत नाही. शिवाय आपली पाळी येण्याआधी बॅट हातात घेऊन फिरायलाही या वयात मनाई आहे, कारण डगआउटजवळ (संघाच्या बसण्याच्या जागेजवळ) फिरणाऱ्या बॅटने शेजारच्या मुलाला इजा होऊ शकते.

फलंदाजीचे म्हणाल तर सरळ बॅटने खेळण्याची शिकवण काही काळ बाजूला ठेवावी लागते. पिचर ४६ फुटांवरून चेंडू टाकतो, म्हणजे क्रिकेटच्या ६६ फुटी खेळपट्टीच्या दोन तृतीयांशांपेक्षा थोड्याच अधिक अंतरावरून, आणि चेंडू जमिनीवर न आपटता थेट येतो. टप्पा पाहून निर्णय घेण्याची सवय असलेल्या मुलाला पहिले काही चेंडू फार वेगवान वाटतात. ते धीराने घ्यावे.

१०. माझ्या मुलाला कायम राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या टोकाला) उभे करतात आणि अर्धा सामना बाकावर बसवतात. हे नियमात बसते का?

लिटल लीगचा नियम असा की सामन्याच्या सुरुवातीला हजर असलेल्या प्रत्येक मुलाला क्षेत्ररक्षणात किमान सहा बाद होईपर्यंत, म्हणजे दोन इनिंगइतके, आणि फलंदाजीला किमान एकदा खेळवलेच पाहिजे. अनेक लीग हजर असलेल्या सर्व मुलांना क्रमाने फलंदाजी देतात. हा किमान वाटा राहिला तर त्या मुलाने पुढचा सामना सुरू करून राहिलेला आणि त्या दिवसाचा असे दोन्ही वाटे पूर्ण करायचे असतात. यात दोन अपवाद आहेत: पावसाने सामना आटोपता घेतला तर हे बंधन उरत नाही, आणि जो सुरुवातीला हजर नव्हता त्याला ही हमी मिळत नाही. उशीर पालकांच्या गाडीला झालेला असतो आणि पाळी मुलाची जाते.

राइट फील्डबद्दल नियम काही सांगत नाही. जून आला तरी एखाद्या मुलाला एकही इनिंग इन्फील्डमध्ये (बेसजवळच्या जागांवर) मिळाली नसेल तर मॅनेजरशी बोलणे रास्त आहे; मात्र सामन्यानंतर लगेच मैदानावर न बोलता एक दिवस जाऊ द्यावा. त्याआधी मुलाला घरामागे रोज वीस सरपटते चेंडू द्यावेत, म्हणजे मागणीला आधार राहील.

११. पिचरने किती चेंडू टाकावेत याला मर्यादा आहे का?

आहे, आणि संपूर्ण नियमपुस्तकातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम हाच आहे. पूर्वी इनिंग मोजत असत. २००७ पासून चेंडू मोजतात. लीगच्या वयानुसार एका दिवसात ७-८ वर्षांच्या मुलाला ५०, ९-१० च्या मुलाला ७५, ११-१२ च्या मुलाला ८५ आणि १३ ते १६ च्या मुलाला ९५ चेंडू टाकता येतात. त्यानंतर विश्रांती ठरते. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत चेंडू टाकले तर विश्रांतीची सक्ती नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ किंवा अधिक चेंडूंना चार दिवस. हे पूर्ण दिवस मोजायचे असतात: शनिवारी ७० चेंडू टाकलेला मुलगा रवि, सोम, मंगळ आणि बुध सोडून गुरुवारी पुन्हा पिच करू शकतो.

या आकड्यांमागे शरीराचे कारण आहे. या वयात कोपराच्या आणि खांद्याच्या हाडांची टोके अजून वाढत असतात आणि तेथील कूर्चा स्नायूंपेक्षा व अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. प्रत्येक जोरदार फेकीत कोपराच्या आतल्या बाजूला ताण बसतो. एक फेक काही करत नाही, थकलेल्या हाताच्या शेकडो फेकी करतात. म्हणूनच मी सामन्यात मोजणीच्या वहीवरून नजर काढत नाही, आणि कोणी “अजून दोनच बॅटर काढू द्या” म्हणाले तर माझे उत्तर नाही असेच असते.

१२. बॅटर खेळत असताना मर्यादा आली तर? आणि पिचरला त्याच दिवशी कॅचर करता येते का?

बॅटरच्या मध्येच मर्यादा गाठली तर त्या बॅटरचा निकाल लागेपर्यंत पिचर थांबू शकतो. विश्रांतीच्या टप्प्यालाही हीच सवलत आहे: बॅटर खेळत असताना पिचर ३५ वर पोहोचला आणि तो बॅटर संपेपर्यंत ३८ झाले, तर पुढच्या बॅटरला चेंडू न टाकता त्याला काढल्यास एकच दिवस विश्रांती लागते. पुढच्या बॅटरला एक जरी चेंडू टाकला तरी ही सवलत जाते.

ज्याने ४१ किंवा अधिक चेंडू टाकले त्याला त्या दिवशी कॅचर होता येत नाही, आणि ज्याने चार किंवा अधिक इनिंग कॅचिंग केले त्याला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही. कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकत असतो. ते कष्ट कोणी मोजत नाही, पण त्याच्या हाताला ते जाणवतातच.

१३. मुलगा ट्रॅव्हल संघातही (लीगबाहेर, गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्या संघातही) खेळतो. तेथील चेंडू कोण मोजते?

तुम्ही. लीगच्या वहीत दुसऱ्या संघात टाकलेले चेंडू आपोआप येत नाहीत, हात मात्र तोच असतो. शनिवारी लीगमध्ये ६० आणि रविवारी दुसऱ्या स्पर्धेत ५० हे दोन्ही ठिकाणी कागदोपत्री बिनचूक दिसते आणि मुलाच्या हातासाठी घातक असते. यूएसए बेसबॉल आणि मेजर लीग बेसबॉल यांनी २०१४ मध्ये काढलेल्या पिच स्मार्ट या मार्गदर्शिकेत ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी बारा महिन्यांत सर्व संघ मिळून ८० पेक्षा अधिक इनिंग पिचिंग नको, आणि वर्षातून किमान चार महिने फेकीपासून विश्रांती हवी, त्यातील दोन-तीन महिने सलग, असे सांगितले आहे. एक छोटी वही गाडीत ठेवावी, तारीख आणि चेंडू लिहावेत आणि दोन्ही कोचना ती दाखवावी. कर्व्हबॉलवर (हवेत वळणाऱ्या चेंडूवर) लीगची बंदी नाही, पण हीच मार्गदर्शिका या वयात सरळ वेगवान चेंडू आणि चेंज-अप (तसाच दिसणारा पण हळू चेंडू) एवढ्यावरच थांबायला सांगते.

१४. मुलाचा कोपर दुखतो, पण तो म्हणतो, “कोचना सांगू नका.” काय करावे?

त्याच दिवशी कोचना सांगावे आणि फेकणे बंद करावे. हाडांच्या वाढत्या टोकांना झालेली इजा वेळेत विश्रांती मिळाल्यास बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. दुखत असताना फेकत राहिल्यास ती टोके हाडापासून सुटू शकतात. कोपराच्या आतल्या बाजूला दाबल्यावर दुखणे, हात पूर्ण सरळ न होणे, चेंडूचा वेग अचानक कमी होणे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे ही लक्षणे दिसल्यास मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. बर्फ लावून किंवा वेदनाशामक गोळी देऊन सामन्याला पाठवू नये.

मूल लपवते ते खोटेपणाने नव्हे. आपण गेलो तर संघ हरेल, आपली जागा दुसरा घेईल, बाबा नाराज होतील, या भीतीने ते गप्प राहते. माझ्या मुलाने अकराव्या वर्षी तीन आठवडे हे दुखणे माझ्यापासून लपवले होते. मी बाकाजवळ बसून त्याचेच चेंडू मोजत होतो आणि सगळे मर्यादेत होते. तो डाव्या हाताने दात घासतो आहे हे त्याच्या आजीच्या लक्षात आले. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्यानंतर घरी मी आधी हाताची चौकशी करतो आणि मग सामन्याची, आणि हाच क्रम मी प्रत्येक घराला सुचवतो.

१५. चेंडू लागल्यापासून मुलगी फलंदाजीला घाबरते. जबरदस्ती करावी का?

करू नये. चेंडू लागल्यास बॅटरला पहिला बेस मिळतो, पण त्याने तिची भीती जात नाही. मऊ चेंडूने, जवळून आणि हळू सराव सुरू करावा. चेंडू अंगावर आला की हनुवटी खांद्याकडे वळवून पाठ पिचरकडे कशी करायची हे तिला टेनिस चेंडूने शिकवावे. चेंडू डोक्याला लागला असेल तर प्रश्न भीतीचा राहत नाही: डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही दिसल्यास तिला खेळातून काढावे लागते, आणि डोक्याच्या दुखापतीबाबत प्रत्येक राज्याचे नियम असल्यामुळे परत येण्यासाठी बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची लेखी परवानगी लागते.

१६. मुलींना बेसबॉल खेळता येतो का, की सॉफ्टबॉलच घ्यावा लागतो?

बेसबॉल खेळता येतो, आणि हा हक्क न्यायालयातून मिळाला आहे. १९७२ मध्ये न्यू जर्सीतील होबोकेन येथे मारिया पेपे ही मुलगी लिटल लीगमध्ये तीन सामने खेळली आणि तिला काढावे लागले, कारण तेव्हा नियम फक्त मुलांसाठी होता. खटला उभा राहिला, निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ पासून लीग मुलींना खुली झाली. तोवर मारियाचे वय उलटून गेले होते. २०१४ च्या लिटल लीगच्या जागतिक मालिकेत मोने डेव्हिस या फिलाडेल्फियाच्या पिचरने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकला, तेव्हा स्टेडियम भरलेले होते. होबोकेन-जर्सी सिटी परिसरात आज शेकडो मराठी घरे आहेत. तेथील आयांनी मुलींना ही हकीकत जरूर सांगावी.

१७. मुलगा स्वमग्न आहे. त्याच्यासाठी जागा आहे का?

आहे. शारीरिक किंवा बौद्धिक आव्हाने असलेल्या मुलांसाठी १९८९ पासून चॅलेंजर हा स्वतंत्र विभाग आहे. त्यात प्रत्येक खेळाडूच्या सोबतीला एक जोडीदार असतो आणि प्रत्येकाला फलंदाजी मिळते. ज्यांना झेपते ती मुले नेहमीच्या गटातही खेळतात. नोंदणी करताना मुलाला कोणत्या आवाजाचा त्रास होतो, काय सांगितले की ते शांत होते, हे दोन-चार ओळींत लिहून दिल्यास मॅनेजरला मोठी मदत होते. आपल्या समाजात ही गोष्ट झाकण्याची प्रवृत्ती अजून आहे, आणि त्यात नुकसान मुलाचेच होते.

१८. पाडव्याचा कार्यक्रम, रविवारची मराठी शाळा आणि जूनमधली भारतवारी यांचे काय करावे?

हंगामाच्या सुरुवातीला मॅनेजरला सर्व तारखा एकदम द्याव्यात. संघात साधारण बारा मुले असतात आणि मैदानावर नऊ लागतात. आदल्या रात्री दोन घरांनी नकार कळवला की सामनाच अडचणीत येतो. पाडव्याचा दिवस आणि मंडळाचा कार्यक्रम महिनाभर आधी कळवले तर मी पाहिलेल्या एकाही मॅनेजरने नाराजी दाखवलेली नाही. मराठी शाळेला दर रविवारी दांडी मारण्यापेक्षा दोन्हीकडे बोलून महिन्यातील एखादा रविवार सोडवून घ्यावा. भारतवारीची तिकिटे मात्र शक्यतो नियमित हंगाम संपल्यावरची काढावीत (ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या संघाबद्दल प्रश्न २१ पाहा).

१९. बाहेरून मराठीत सूचना दिल्या तर कोणाला कळणार?

मुलाला कळतात, आणि अडचण तीच आहे. मॅनेजर “थांब” सांगत असताना मागून “पळ, पळ!” ऐकू आले तर मूल मध्येच थबकते आणि बाद होते. पिचरने चेंडू सोडल्यावर “मार!” असा आवाज आला तर ते चेंडू न पाहताच बॅट फिरवते. शिवाय आपली भाषा कोणाला समजत नसली तरी आवाजातील राग सर्वांना समजतो. नाव घेऊन शाबासकी द्यावी, दुसऱ्या संघातील चांगल्या झेलालाही टाळ्या वाजवाव्यात. अंपायरवर ओरडू नये. मायनर गटात तो अनेकदा हायस्कूलमधला मुलगा असतो.

२०. पाऊस किंवा वीज आली तर?

गडगडाट ऐकू येताच मैदान सोडायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परतायचे नाही. डगआउट हा आसरा नव्हे. मुलांना गाडीत किंवा पक्क्या इमारतीत न्यावे. चार इनिंग पूर्ण झाल्या असतील (यजमान संघ पुढे असेल तर साडेतीन) तर सामना झाला असे धरतात.

२१. ऑल-स्टार संघात निवड झाली, पण जुलैत आम्ही भारतात आहोत. काही दिवस खेळून जाता येईल का?

तसे करू नये. हा संघ जूनअखेरपासून जिल्हा, राज्य आणि विभाग अशा पायऱ्यांनी खेळतो. जिंकत राहिल्यास जुलै संपेपर्यंत सराव आणि सामने जवळपास रोज असतात. अर्धवट सोडून गेल्याने ज्याची जागा आपल्या मुलाने घेतली त्याचा उन्हाळा वाया जातो. उपलब्धता निवडीपूर्वीच विचारतात, तेव्हा खरे सांगावे. निवडीची पद्धत प्रत्येक लीगची कार्यकारिणी ठरवते, आणि नियमित हंगामातील ठरावीक सामने खेळलेले असणे आवश्यक असते. ८-१० आणि ९-११ या वयोगटांची वाट राज्य पातळीच्या आसपास संपते. १० ते १२ च्या गटाची वाट ऑगस्टमध्ये साउथ विल्यम्सपोर्टच्या जागतिक मालिकेपर्यंत जाते, जेथे २०२२ पासून वीस संघ खेळतात. तेथे प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य आहे. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियातील घरांनी मुलांना एकदा तरी तेथे न्यावे.

२२. हंगामाच्या मध्येच आम्ही घर बदलले. आता नवीन लीग शोधावी लागेल का?

आवश्यक नाही. हद्दीबाहेर गेलेल्या खेळाडूला जुन्याच लीगमध्ये पुढे खेळता यावे अशी सवलत नियमात आहे. मात्र तिचा अर्ज लीगमार्फत आधी भरून घ्यावा लागतो. तो राहून गेल्यास ऑल-स्टारच्या वेळी कागदपत्रे तपासताना मूल अपात्र ठरू शकते.

२३. बारावे वर्ष संपले. पुढे काय?

पुढे मैदान मोठे होते. आतापर्यंत बेसमधील अंतर ६० फूट आणि पिचिंगचे ४६ फूट होते; हायस्कूल आणि व्यावसायिक मैदानावर ते ९० आणि ६० फूट ६ इंच असते. एका हिवाळ्यात हा फरक झेपणे उंची न वाढलेल्या मुलांना फार कठीण जाते, आणि याच वळणावर अनेक मुले खेळ सोडतात. त्यांच्यासाठी ११ ते १३ वर्षांचा इंटरमिजिएट गट आहे, ज्यात बेस ७० फुटांवर आणि पिचर ५० फुटांवर असतो, आणि चेंडू सुटण्याआधीच बेसपासून पुढे सरकण्याची मुभाही तेथे पहिल्यांदा मिळते. आपल्या लीगमध्ये तो नसेल तर शेजारच्या गावासोबत मिळून चालवला जातो का, हे शरद ऋतूतच विचारून ठेवावे, कारण तेथील नोंदणी बहुधा लवकर भरते.